यहूदाची दुसरी वेळ

एम.ए.च्या वर्गाला फादर थॉमस स्टीफन्स शिकवताना आम्ही दोघी कित्येक वर्षे एक सोयीस्कर वाट धरून होतो. १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’तील मराठी भाषेच्या गौरवाच्या ओव्या तेवढ्या घ्यायच्या, त्यांतील दृष्टान्तांची यादी फळ्यावर लिहायची, एका परकीय जेझुइटाने मराठीवर केलेल्या प्रेमाचे कौतुक करायचे आणि पुढच्या कवीकडे वळायचे. परीक्षेतला प्रश्नही बहुधा त्याच ओव्यांवर येतो. ज्या कथा सांगण्यासाठी त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा प्रपंच मांडला, त्या कथांपर्यंत आमचा वर्ग कधी पोहोचत नव्हता.

चार वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आम्हांला तिथे अडवले. ग्रंथाच्या प्रयोजनाविषयी बोलता बोलता ‘देव माणसाचे चारित्र्य घडवतो, हा बायबलमधील कथांचा गाभा आहे’ असे एक भरघोस विधान आम्ही करून गेलो होतो. तिने शांतपणे विचारले, ‘‘मॅडम, घडवतो म्हणजे नक्की काय करतो? माणूस बदलताना या कथांत कुठे दिसतो?’’ तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही.

या प्रश्नाकडे आम्ही दोघी दोन दिशांनी आलो. आमच्यापैकी एकीचे माहेर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. रविवारच्या शाळेत चित्रांच्या तक्त्यांवर तिने योसेफ पाहिला, दावीद पाहिला, सिंहांच्या गुहेतला दानीएल पाहिला. दुसरीच्या घरी पंढरीची वारी. तिच्या कानांवर लहानपणापासून संतचरित्रे पडलेली. पण दोन्ही घरांत एक म्हण सारख्याच खात्रीने उच्चारली जाई : स्वभावाला औषध नाही. मोठी माणसे ती कोणाविषयी तरी हताश होऊन म्हणत आणि विषय संपवीत. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही तिची थोरली बहीण. आपल्या भाषेचे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे आणि ते सहजासहजी खोडून काढता येत नाही. तेव्हा विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा खरा अर्थ असा होता की, या म्हणीला बायबलमधील कथांपाशी काही उत्तर आहे काय?

‘घडवणे’ या शब्दापाशी आम्ही प्रथम थांबलो. वारकरी घरातल्या मैत्रिणीला अर्थातच गोरोबाकाका आठवले. संतांच्या मेळ्यात प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोण भाजलेला आणि कोण कच्चा, हे त्यांनी पारखले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. दुसरीने यिर्मयाच्या ग्रंथातला अठरावा अध्याय काढला. तिथे संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचे भांडे बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे करतो. गोरोबांच्या कथेत मडके पारखले जाते, यिर्मयाच्या कथेत ते पुन्हा चाकावर चढते. पण यिर्मयाचा पुढचाच अध्याय वाचला की मनाला चटका बसतो. तिथे एक भाजलेले मडके फोडले जाते आणि ते पुन्हा सांधता येत नाही, असे बजावले जाते. म्हणजे माती ओली आहे तोवरच घडण आहे. माणूस किती काळ ओला राहतो, हा प्रश्न उरतोच.

त्या पावसाळ्यात, दुपारचे तास संपल्यावर, विभागाच्या खोलीत बसून आम्ही ‘उत्पत्ती’ हे पुस्तक सलग वाचले. योसेफाच्या कथेपाशी आम्ही अपेक्षेने आलो; चारित्र्याचा आदर्श म्हणून रविवारच्या शाळेत त्याचेच नाव पहिले घेतले जाते. सतराव्या वर्षी भावांनी विकलेला, तुरुंगात पडलेला, तिसाव्या वर्षी फारोसमोर उभा राहून मिसर देशाचा कारभारी झालेला हा तरुण. पण वाचता वाचता आमचे लक्ष योसेफावरून उडाले आणि त्याच्या एका भावावर जाऊन बसले. हा यहूदा, याकोबाचा चौथा मुलगा. येशूला धरून देणारा यहूदा हा नव्हे. तो कित्येक शतकांनंतरचा. विकण्याचा कलंक मात्र दोघांच्याही नावाला आहे.

योसेफाला ठार मारण्यापेक्षा विकून टाकू, ही सूचना या यहूदाची. मारून आपला फायदा काय, हा त्याचा युक्तिवाद. शेवटी तो आपला भाऊच, असेही तो जोडतो. पण आधी फायदा आणि मग भाऊ, हा क्रम त्याला उघडा पाडतो. वीस रुपयांना (चांदीची नाणी ती) सौदा होतो. मग भाऊ बोकड कापतात, योसेफाचा तो खास अंगरखा रक्तात बुडवतात आणि बापाकडे पाठवून विचारतात की, हा तुमच्या मुलाचा आहे काय, ते ओळखा. योसेफ मेला असे ते म्हणत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवे. ते एक वस्तू पुढे करतात, ती आम्हांला सापडली म्हणतात आणि गप्प राहतात. मरणाचे वाक्य बापच उच्चारतो : हिंस्र पशूने त्याला खाल्ले असावे. आणि भाऊ ते वाक्य तसेच राहू देतात.

यानंतर योसेफाची कथा मध्येच थांबते आणि अडतिसावा अध्याय सुरू होतो. तो यहूदाच्या संसाराचा आहे. हा अध्याय इथे घुसडलेला आहे, असे अनेक अभ्यासकांना पूर्वी वाटत असे. रॉबर्ट ऑल्टर यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या कथनकलेवरील आपल्या पुस्तकात नेमका हाच अध्याय घेऊन तो कथेच्या विणीत कसा घट्ट बसला आहे, हे दाखवले. यहूदाचे दोन मुलगे मरतात. थोरल्याची विधवा तामार. धाकटा शेला मोठा झाल्यावर त्याच्याशी तिचे लग्न लावायचे वचन यहूदा देतो आणि पाळत नाही. तेव्हा ती तोंड झाकून रस्त्याच्या कडेला बसते. यहूदा तिला वेश्या समजून जवळ करतो. मोबदला म्हणून करडू पाठवतो म्हणतो आणि तारण म्हणून आपली मुद्रा, तिची दोरी आणि हातातली काठी तिच्यापाशी ठेवतो. पुढे सून गरोदर असल्याचे कळताच तो तिला जाळण्याचा हुकूम देतो. तिला बाहेर काढले जात असता ती त्या तीन वस्तू पाठवते आणि या कोणाच्या, ते ओळखा, एवढेच सांगते.

हिब्रू मुळात दोन्ही ठिकाणी तेच शब्द आहेत : ‘हक्केर-ना’. यहूदा आणि त्याचे भाऊ बापाला जे म्हणाले, तेच शब्द सुनेकडून यहूदाकडे परत येतात. प्राचीन यहुदी भाष्यकारांनी हे फार पूर्वीच टिपले होते. आणि इथे यहूदा त्याच्या स्वभावात न बसणारी गोष्ट करतो. वस्तू आपल्या नाहीत असे तो म्हणू शकला असता. त्याला विचारणारे कोणी नव्हते. पण तो ओळखतो, आणि माझ्यापेक्षा तीच न्यायी आहे असे चारचौघांत सांगतो. या क्षणी आकाशवाणी होत नाही, देवदूत येत नाही. देव माणसाला घडवताना काय करतो, याचे पहिले उत्तर आम्हांला इथे मिळाले : तो माणसाचीच वस्तू त्याच्यापुढे आणून ठेवतो.

एरिख आउअरबाख या जर्मन यहुदी पंडिताने नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागल्यावर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलमध्ये बसून ‘मिमेसिस’ लिहिले. १९४६ साली ते प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणातील होमर आणि बायबल यांची तुलना समीक्षेच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. होमरचे नायक आरंभापासून अखेरपर्यंत जवळजवळ तेच राहतात. बायबलमधील माणसांवर मात्र देवाचा हात सतत काम करीत असतो, त्यामुळे त्यांना आयुष्याचा इतिहास असतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. हे प्रकरण आम्ही दहा वेळा तरी शिकवले असेल. अंगरख्यापाशी गप्प राहिलेल्या भावांविषयी बोलताना मात्र त्या दुपारी आमचाच आवाज मध्येच थांबला.

कारण आमच्या गाठीशीही एक अंगरखा होता.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही एका महाविद्यालयात नुकत्याच कायम झालो होतो. तासिका तत्त्वावर काम करणारे एक सहकारी आमच्याबरोबर होते. वयाने आमच्याएवढेच, शिकवायला आमच्याहून सरस. एका वर्गाच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरायचे काम त्यांच्याकडे आले. हजेरी क्रमांकांची यादी आम्ही दिली. ती जुनी होती. प्रवेश रद्द झाल्यावर क्रमांक बदलले होते आणि नवी यादी आमच्या टेबलावर पडून होती. गुण चुकीच्या नावांपुढे गेले. निकाल लागल्यावर पालक आले, चौकशी झाली. तक्त्यावर सही त्यांची होती. यादी कोणी दिली, असे कोणी विचारले नाही. आम्ही खोटे काहीच बोललो नाही. ‘त्यांनी जरा घाई केली असावी’ हे वाक्य तिसऱ्याच कोणीतरी उच्चारले आणि आम्ही ते तसेच राहू दिले. पुढच्या जूनमध्ये त्यांना तास मिळाले नाहीत.

दावीद राजाची एक गोष्ट ‘शमुवेल’च्या दुसऱ्या पुस्तकात आहे. त्याने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मरायला धाडले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येतो. नियम सांगत नाही, श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी कशी पळवली याची कथा सांगतो. दावीद संतापून त्या श्रीमंताला मरणाची शिक्षा ठरवतो. मग नाथान सांगतो की तो माणूस तूच. भावांच्या मौनाचे विश्लेषण करताना आम्ही दोघी दावीदाच्याच जागी होतो : रसिक, न्यायी आणि संतप्त. कथा ऐकताना माणूस बेसावध असतो, म्हणूनच तिला आत जाता येते. साहित्य शिकवणाऱ्यांना हे ठाऊक असते, पण ते विद्यार्थ्यांच्या बाबतीत. त्या दिवशी पुस्तक मिटून आम्ही कितीतरी वेळ एकमेकींकडे न पाहता बसून होतो. त्या प्रसंगाविषयी दहा वर्षांत आम्ही आपसांतही अवाक्षर काढले नव्हते.

यहूदाची कथा मात्र कबुलीपाशी संपत नाही. दुष्काळ पडतो. भाऊ धान्यासाठी मिसरात जातात, कारभारी झालेल्या योसेफाला ओळखत नाहीत, आणि तो धाकट्या बन्यामिनाला घेऊन येण्याची अट घालतो. याकोब त्याला सोडायला तयार नाही. थोरला रऊबेन म्हणतो, परत आणला नाही तर माझे दोन मुलगे मारा. नातवांना मारून आजोबांचे सांत्वन करण्याचा हा अजब प्रस्ताव याकोब झिडकारतो. यहूदा वेगळे बोलतो : मी स्वतः जामीन राहतो. तामारेने मागितलेले तारण आणि यहूदाचे जामीन राहणे, हिब्रूत हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. एकेकाळी काठी आणि मुद्रा तारण ठेवणारा आता स्वतःला तारण ठेवतो. शिवाय दोन मुलगे गमावलेल्या या माणसाला बापाचे दुःख काय असते, हे आता कळलेले आहे.

मग योसेफ आपला चांदीचा प्याला बन्यामिनाच्या पोत्यात लपवून त्याला पकडवतो. तोच गुलाम राहील, बाकीच्यांनी बापाकडे सुखाने जावे, असे सांगतो. बावीस वर्षांपूर्वीचा प्रसंग जसाच्या तसा उभा राहतो : बापाचा लाडका, राहेलीचा मुलगा, मिसराची गुलामी आणि मोकळे घरी जाण्याची मुभा. या वेळी तर खोटे बोलायचीही गरज नाही. प्याल्याच्या चोरीबाबत भाऊ निर्दोष आहेत. तरीही यहूदा म्हणतो की देवाने आमचा अपराध शोधून काढला. आरोप खोटा आणि अपराध खरा, असे ते विलक्षण वाक्य आहे. पुढे त्याचे भाषण येते. त्यात तो बापाचे एक वाक्य स्वतःच्या तोंडाने सांगतो : माझ्या बायकोला दोनच मुलगे झाले. यहूदा स्वतः दुसऱ्या बायकोचा, लेआचा. म्हणजे त्या वाक्यात तो मोजलेलाच नाही. ज्या पक्षपाताने त्याने एकदा भाऊ विकला, तोच पक्षपात तो आता कडवटपणा न ठेवता मान्य करतो आणि त्याच बापासाठी, बन्यामिनाऐवजी मला गुलाम ठेवून घ्या, असे विनवतो. बापाचा स्वभाव बदललेला नाही. बदलला आहे तो यहूदा.

बाराव्या शतकातील यहुदी धर्मशास्त्री मैमोनिदीज यांनी पूर्ण पश्चात्तापाची व्याख्या अशी केली आहे की, तीच संधी पुन्हा समोर यावी, अंगात ते पाप करण्याचे बळ असावे आणि तरी माणसाने ते टाळावे. आम्हांला वाटते, विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर हे आहे. देव माणसाला पुन्हा त्याच जागी आणून उभा करतो. स्वभावाला औषध नसेलही. पण त्याला दुसरी वेळ असते.

या भाषणातील एका बारकाव्याने आम्हांला विशेष अस्वस्थ केले. बोलायला उभा राहताना यहूदा ‘आम्ही’ म्हणतो : आम्ही काय बोलावे, आम्ही सारे आपले गुलाम. भाषण पुढे सरकते तसे ते अनेकवचन गळून पडते आणि अखेरीस एक ‘मी’ उरतो : मी जामीन राहिलो, मी बापाकडे कसा जाऊ. आम्ही हा लेख ‘आम्ही’ म्हणून लिहीत आहोत. दोघींचा असल्याने ते योग्यच आहे. पण चौदा वर्षांपूर्वीही आम्ही ‘आम्ही’च होतो. ती बोलेल, असे एकीला वाटत होते आणि ही बोलेल, असे दुसरीला. अनेकवचनात लपायला पुष्कळ जागा असते.

आमची दुसरी वेळ तीन वर्षांपूर्वी आली. उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा नियमनासाठी वेळेत गेला नाही. तासिका तत्त्वावरील एका तरुण प्राध्यापिकेकडे त्या परीक्षेचे काम होते आणि बैठकीत तिलाच खुलासा विचारला जात होता. गठ्ठा आमच्या कपाटात राहिला होता. तिला ते ठाऊक नव्हते, आम्हांला होते. बैठकीत मिनिटभर सारे तसेच होते : तेच लांब टेबल, तीच शांतता, कोणीही आम्हांला काही न विचारणे. मग आमच्यापैकी एक उभी राहिली आणि गठ्ठा माझ्या कपाटात आहे, असे म्हणाली. दुसरी तिच्यानंतर उभी राहिली. आधी कोण, ते आम्ही सांगणार नाही; पण ती दोन वाक्ये दोन वेगळ्या ‘मीं’ची होती.

याचा बडेजाव करण्यासारखे काही नाही. आम्ही कायम सेवेत होतो. आम्हांला एक ताकीदपत्र मिळाले, एक वर्ष परीक्षेच्या कामापासून दूर ठेवले गेले आणि काही दिवस कुजबुज झाली. यहूदाने गुलामी देऊ केली होती. आमच्या कबुलीची किंमत एका पत्राएवढी होती. चौदा वर्षांपूर्वीही ती तेवढीच असती, हेच टोचत राहते.

त्यानंतर आम्ही त्या जुन्या सहकाऱ्यांना पत्र लिहिले. लिहिताना योसेफाचे ते प्रसिद्ध उद्गार पुन्हा पुन्हा लेखणीवर येत होते : तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले. सहकारी आता स्वतःचे शिकवणीचे वर्ग चालवतात, ते बरे चालतात, असे आम्ही ऐकून होतो. त्यांचे शेवटी भलेच झाले, असे लिहिण्याचा मोह मोठा होता. मग आम्ही तो पन्नासावा अध्याय पुन्हा उघडला. हे उद्गार योसेफाचे आहेत. ते विकल्या गेलेल्याने काढायचे असतात, विकणाऱ्यांनी नव्हे. भाऊ ते स्वतः म्हणाले असते तर ती केवळ दुसरी लबाडी झाली असती. आणि योसेफाने ते म्हणण्याआधी कथाकार आणखी एक गोष्ट नोंदवतो : बाप वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरतात, क्षमा मागायला निरोप पाठवतात आणि तो ऐकून योसेफ रडतो. क्षमा होऊन सतरा वर्षे लोटल्यावरही त्यांना ती खरी वाटलेली नव्हती. आम्ही पत्रातून ते वाक्य काढून टाकले आणि यादी आमची होती, एवढेच लिहिले.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. त्यांनी एकच विचारले, ‘‘त्या बैठकीत तुम्हांला हे ठाऊक होते?’’ आम्ही हो म्हणालो. थोडा वेळ पलीकडून वर्गातल्या मुलांचा आवाज तेवढा येत होता. ‘‘बरे,’’ ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यांच्या ‘बरे’चा अर्थ आम्ही लावत बसलेलो नाही, तो आमच्या हातातला नाही. आता क्रिस्तपुराण शिकवताना आम्ही भाषास्तुतीच्या ओव्या घेतो आणि मग ‘उत्पत्ती’चे अडतिसावे आणि चव्वेचाळिसावे प्रकरण वर्गात वाचतो. दरवर्षी कोणीतरी विचारते की, या कथेचा नायक योसेफ असताना तुम्ही यहूदावर एवढे का थांबता? पहिल्या वर्षी आम्ही त्याला आउअरबाखचा आधार दिला. यंदा आधी चौदा वर्षांपूर्वीच्या त्या यादीची गोष्ट सांगितली आणि मग आउअरबाखकडे वळलो. वर्ग बराच वेळ शांत होता.